परतीच्या खोबणीतील चांदी

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



महोत्सव म्हटला की मोजदाद ओघानेच येते. किती विद्यार्थी शिकून गेले, किती शालान्त परीक्षेत झळकले, किती परदेशी गेले, याचे तक्ते सभागृहाबाहेर लागलेले आहेत आणि ते लागावेत हेच योग्य. आजचा विषयही मोजदादीचाच आहे. पण मोजल्या गेलेल्या वस्तूंचा नव्हे, मोजणाऱ्या यंत्राने न मोजता परत केलेल्या वस्तूंचा. हा विषय दूरच्या अमेरिकेतला आहे. तेथे स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी हे यंत्र पाहिले असेल, कदाचित वापरलेही असेल. येथील पालकांसाठी प्रथम त्याची ओळख करून देणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील मोठ्या किराणा भांडारांत दाराजवळ माणसाच्या उंचीचे एक यंत्र उभे असते. घरी बरणीत, डब्यात, गल्ल्यात साठलेली चिल्लर लोक तेथे घेऊन येतात आणि यंत्राच्या तबकात ओततात. तबक तिरके केले की नाणी खळखळत आत जातात. काही मिनिटांत पडद्यावर बेरीज येते आणि एक पावती बाहेर पडते. ती काउंटरवर दिली की नोटा मिळतात. या सेवेबद्दल यंत्र रकमेतून शेकडा दहाहून अधिक कापून घेते. रोख रकमेऐवजी एखाद्या दुकानाचे भेटकार्ड घेतल्यास ही कपात बहुधा होत नाही. अशा यंत्रांपैकी सर्वांत परिचित नाव कॉइनस्टार हे होय. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना जेन्स मोल्बाक या तरुणाला खोलीत साठलेल्या चिल्लरीचे काय करावे हा प्रश्न पडला. त्या प्रश्नातून १९९१ साली ही कंपनी उभी राहिली.

ओतलेली सर्वच नाणी यंत्राला मान्य होत नाहीत. धूळ, कागदाचे कपटे, बरणीत पडलेल्या टाचण्या चाळणीतून खाली जातात. उरलेले प्रत्येक नाणे एका अरुंद मार्गावरून संवेदकासमोरून धावते. तेथे त्याचा आकार पाहिला जातो आणि धातूचीही परीक्षा होते. तारेच्या वेटोळ्यात बदलती वीज खेळवून निर्माण केलेल्या चुंबकीय क्षेत्रातून नाणे गेले की त्या नाण्यात क्षीण विद्युत्प्रवाह उठतात. ते किती प्रबळ असतील हे धातूवर अवलंबून असते. तांब्याचा प्रतिसाद निराळा, निकेलचा निराळा, लोखंडाचा निराळा. यंत्राच्या स्मरणात प्रत्येक चालू नाण्याची मर्यादा नोंदलेली असते. त्या मर्यादेत बसलेले नाणे पिशवीत जाते. न बसलेले नाणे बाजूला वळून खालच्या एका लहानशा खोबणीत पडते. ती परतीची खोबण. मालकाने आपले नाकारलेले नाणे तेथून उचलून न्यावे, एवढ्यासाठी ती ठेवलेली असते.

पुष्कळ लोक मात्र ती खोबण पाहतच नाहीत. पावती हाती आली की काम संपले, अशी त्यांची समजूत असते. मग त्या खोबणीत जे मागे राहते, त्याचा शोध घेणारा नाणेसंग्राहकांचा एक वर्गच तेथे तयार झाला आहे. दूध-भाजी आणायला गेले की यंत्रापाशी क्षणभर थांबायचे आणि खोबणीत बोटे घालून पाहायची, हा त्यांचा नित्याचा शिरस्ता. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. कधी वाकलेले सेंट, कधी खेळाच्या दुकानातील बिल्ला, कधी कॅनडाचे किंवा युरोपचे नाणे, कधी शर्टाचे बटण. पण एखाद्या दिवशी त्या कचऱ्यात एक पांढरेशुभ्र नाणे असते. ते उचलून कडेने पाहिले की कळते, ही चांदी आहे.

देशाच्या स्वतःच्या टांकसाळीत पाडलेले, आजही कायद्याने चालणारे, अस्सल चांदीचे नाणे यंत्राने परत का करावे? याचे उत्तर साठ वर्षांमागे जाऊन शोधावे लागते. या शाळेचा पहिला वर्ग भरला त्याच सुमारास, २३ जुलै १९६५ रोजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नाणेविषयक नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तोपर्यंत तेथील दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्धा डॉलर या नाण्यांत शेकडा ९० चांदी आणि १० तांबे असे. चांदीची मागणी व किंमत वाढत चालली होती. नाण्याच्या दर्शनी मूल्याहून त्यातील धातूच महाग होईल, अशी भीती निर्माण झाली होती. म्हणून दहा सेंट व पाव डॉलर यांतून चांदी पूर्णपणे काढण्यात आली. अर्ध्या डॉलरमध्ये ती शेकडा ४० पर्यंत खाली आणली गेली आणि १९७० नंतर चलनासाठीच्या त्या नाण्यातूनही ती गेली. नव्या नाण्याच्या गाभ्यात शुद्ध तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पातळ थर, अशी रचना झाली. पोळीत पुरण भरावे तसे तांबे आत दडले. फक्त कडेला त्याची तांबूस रेघ दिसते.

व्यास तोच राहिला, छापही तीच राहिली. वजन मात्र बदलले. चांदीचा पाव डॉलर ६.२५ ग्रॅमचा होता, नवा ५.६७ ग्रॅमचा झाला. चांदीचे दहा सेंट २.५ ग्रॅमचे होते, नवे सुमारे २.२७ ग्रॅमचे झाले. आजचे यंत्र घडवणाऱ्यांनी साहजिकच आजच्या नाण्याला प्रमाण मानले. त्या प्रमाणाच्या तुलनेत चांदीचे नाणे जड ठरते आणि विजेलाही निराळा प्रतिसाद देते. म्हणून ते बहुधा खोबणीत पडते. त्यात उणे काहीच नसते. ठरलेल्या मापाहून ते अधिक असते, एवढाच त्याचा दोष.

या कथेत आणखी एक वळण आहे. १९६५ साली नव्या धातूची निवड करताना तज्ज्ञांपुढे एक मोठी अडचण होती. नाणे टाकून वस्तू देणारी यंत्रे तेव्हा देशभर पसरली होती आणि ती सारी चांदीच्या नाण्याशी जुळवलेली होती. खोटे तुकडे ओळखण्याची योजना त्यांत होती. नवे नाणे त्यांनी नाकारले असते, तर व्यवहार ठप्प झाला असता. म्हणूनच तांब्याच्या गाभ्याची ही रचना निवडण्यात आली. तिचे विद्युत्गुण चांदीच्या इतके जवळ होते की जुनी यंत्रे ते नाणे स्वीकारत. चांदीसारखे वागावे अशी त्या नाण्याची घडणच केलेली होती. काळ लोटला, यंत्रे अधिक सूक्ष्म झाली आणि प्रमाण उलटे झाले. आता बदली नाणे हेच माप ठरले आणि ज्याच्या जागी ते आले होते, ते अस्सल नाणे मापाबाहेर गेले.

कायदा झाला त्या दिवशी जॉन्सन यांनी जनतेला एक आश्वासनही दिले होते: चांदीची नाणी साठवून कोणाचा लाभ होणार नाही, ती नव्या नाण्यांच्या बरोबरीने चलनात राहतील. तसे झाले नाही. पाहता पाहता चांदीची नाणी बाजारातून नाहीशी झाली. हलके नाणे भारी नाण्याला व्यवहारातून हुसकून लावते, या अनुभवाला अर्थशास्त्रात ग्रेशमचा नियम म्हणतात. सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापारी सर टॉमस ग्रेशम यांचे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात मॅक्लिऑड या अर्थशास्त्रज्ञाने दिले. पण हा नियम समजायला मराठी घरातील माणसाला पुस्तकाची गरज नाही. लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवण्यासाठी आजीने जपलेला राणीच्या छापाचा रुपया आठवावा. भारतात १९४० पर्यंत रुपयात बाराला अकरा भाग चांदी होती. मग ती निम्म्यावर आली आणि पुढे निकेलचा रुपया निघाला. निकेलचा रुपया वाण्याकडे गेला आणि चांदीचा देव्हाऱ्यात राहिला. अमेरिकेतील घरोघरी हेच घडले. फरक एवढाच की तेथे देव्हाऱ्याऐवजी बरणी होती.

साठ वर्षांपूर्वी बाजारातून गेलेली चांदी आज भांडारातील यंत्रात कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर त्या बरणीतच आहे. कोणी आजोबा रोज संध्याकाळी खिशातील नाणी निवडून वेगळी ठेवत असतील. कोणा आजीने नातवंडांच्या नावाने गल्ला भरला असेल. ती माणसे जातात. घर आवरायला आलेल्या मुलांना अडगळीत एक जड बरणी सापडते. विमानाची वेळ झालेली असते, घर विकायचे असते, बरणी उचलवत नाही. ती यंत्रात रिकामी केली जाते. पावती मिळते, खोबणीकडे कोणी पाहत नाही. एका माणसाने वर्षानुवर्षे निवडून ठेवलेल्या वस्तू अशा रीतीने पाच मिनिटांत निवडीतून बाहेर पडतात. खोबणीत सापडणाऱ्या चांदीमागे अशी एखादी विस्मृत बरणी असण्याचा संभव बराच असतो, आणि संग्राहकाच्या आनंदाला या जाणिवेची एक किनार असावी लागते.

आता थोडे ओळखीविषयी. ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल.

पहिली खूण कडेची. दहा सेंट, पाव डॉलर वा अर्धा डॉलर हातात घेऊन त्याची कड पाहावी. तांबूस रेघ दिसली तर ते नवे नाणे. कड सर्वत्र सारखी पांढरी असेल तर चांदीची शक्यता मोठी. मग सन पाहावे. १९६४ किंवा त्यापूर्वीचे सन म्हणजे शेकडा ९० चांदी. अशा पाव डॉलरमध्ये सुमारे ५.६ ग्रॅम आणि अर्ध्या डॉलरमध्ये सुमारे ११.२५ ग्रॅम शुद्ध चांदी असते. अर्ध्या डॉलरवर १९६५ ते १९७० यांपैकी सन असेल, तर चांदी शेकडा ४०.

दुसरी खूण युद्धकाळाची. दुसऱ्या महायुद्धात निकेल हा धातू लष्करी सामग्रीसाठी हवा होता. म्हणून १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत पाच सेंटांचे नाणे निकेलविना पाडले गेले. त्यात ५६ भाग तांबे, ३५ भाग चांदी आणि ९ भाग मँगेनीज होते. ही नाणी पुढे ओळखता यावीत म्हणून मागील बाजूस, जेफर्सन यांच्या माँटिसेलो या वास्तूच्या घुमटावर, टांकसाळीचे अक्षर ठळक उमटवले गेले. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने आपले अक्षर अमेरिकेच्या नाण्यावर उमटवण्याची ती पहिलीच वेळ होती. ही नाणी काळपट दिसतात आणि यंत्रे त्यांना कधी घेतात, कधी परत करतात.

तिसरी खूण लोहचुंबकाची. १९४३ साली तांबेही युद्धाला हवे होते, म्हणून त्या वर्षीचा सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा होता. तो चुंबकाला चिकटतो आणि यंत्राला मुळीच मानवत नाही. त्याच वर्षी चुकून काशाच्या जुन्या चकत्यांवर फार थोडे सेंट पाडले गेले. ते अत्यंत मौल्यवान मानले जातात. त्यामुळे पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फसवण्याचे प्रकारही होतात. चुंबक लावला की लबाडी उघडी पडते.

कॅनडाची नाणीही टाकून देऊ नयेत. तेथील १९६६ पर्यंतच्या दहा आणि पंचवीस सेंटांत शेकडा ८० चांदी होती. शेवटची सूचना गृहिणींना कठीण वाटेल अशी: सापडलेले जुने नाणे चिंचेने, राखेने वा पावडरीने घासू नये. घासलेल्या नाण्याची चमक वाढते आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की यंत्राने नाकारले ते मौल्यवान आणि स्वीकारले ते सामान्य. हा समजही बरोबर नाही. खोबणीतील बहुतेक वस्तू खरोखरच कचरा असतात. उलट, यंत्र निमूटपणे स्वीकारते त्यांत कधी रत्न निघून जाते. लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९०९ साली त्यांची मुद्रा असलेला सेंट निघाला. चलनातील नाण्यावर अमेरिकी राष्ट्राध्यक्षाची मुद्रा येण्याची ती पहिलीच वेळ. त्याचे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरे नाण्याच्या मागील बाजूस होती. ती फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत त्या आद्याक्षरांसह केवळ ४,८४,००० सेंट पडले. आज त्यातील झिजलेल्या नाण्यालाही शेकडो डॉलर मिळतात. पण यंत्राच्या दृष्टीने तो एक सेंट. धातू जुळतो, आकार जुळतो. यंत्र त्याची एक सेंट अशी नोंद करते आणि तो इतरांबरोबर पिशवीत नाहीसा होतो. १९५५ सालच्या काही सेंटांवर साच्यातील दोषामुळे अक्षरे व आकडे दुहेरी उमटले. टांकसाळीत हे लक्षात आले, तोवर ती नाणी इतरांत मिसळून गेली होती आणि तशीच बाहेर पाठवली गेली. सिगारेटच्या यंत्रांतून पाकिटाबरोबर मिळणाऱ्या सुट्या पैशांत त्यांतील पुष्कळ लोकांच्या हाती आली, असे सांगतात. यंत्रांनी ती दिली आणि यंत्रांनीच ती घेतली असती. ती वाचली, कारण कोणीतरी हातातील नाणे वाचून पाहिले.

सेंटचे पर्व तर आता संपलेच आहे. एक सेंट पाडण्याचा खर्च तीन सेंटांहून अधिक झाला आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले गेले. घरोघरीच्या बरण्या आता अधिकच वेगाने यंत्रांकडे निघतील. म्हणून पाहणाऱ्या डोळ्यांची गरज आज अधिक आहे.

नाणे पारखणे हे काम मराठी समाजाला अपरिचित नाही. शिवछत्रपतींचा होन आणि शिवराई, पुढे पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी रुपया अशी अनेक नाणी एकाच बाजारात फिरत. त्यांचे वजन वेगळे, कस वेगळा. त्यांची पारख करणारा तो पोतदार. हे पद पुढे आडनाव होऊन आजही घराघरांत नांदते आहे. सराफ नाणे डोळ्यांनी पाहत, बोटांनी चाचपत, दगडावर वाजवत, काट्यावर तोलत आणि शंका आल्यास कसोटीवर घासत. कमी कसाच्या नाण्यावर जी कपात होई, तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागणे हा शब्दप्रयोग त्या पेढीवरूनच घरात आला. भांडारातील यंत्राने शेकड्यामागे कापून घेतलेली रक्कम हा एका अर्थी बट्टाच. फरक एवढा की सराफ हलक्या नाण्यावर बट्टा लावी, यंत्र सरसकट लावते. १८३५ साली कंपनी सरकारने एकाच वजनाचा व कसाचा रुपया सुरू केला. यंत्रावर पाडलेल्या त्या रुपयाला लोक कलदार म्हणू लागले. कल म्हणजे यंत्र. यंत्राने घडवलेले ते विश्वासाचे, अशी भावना त्या शब्दात होती. यंत्राविषयीचा तो आदर अकारण नव्हता. बाजारातील बट्ट्याचा जाच त्यामुळे कमी झाला आणि गरिबाचा फायदाच झाला.

म्हणून येथे यंत्राला दोष देण्याचा हेतू नाही. त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवलेले आहे: हे आजचे चालू नाणे आहे काय? त्या प्रश्नाचे उत्तर ते चोख देते. हे नाणे कोणते आहे, कोठून आले, त्याचे मोल काय, हे प्रश्न त्याला कोणी शिकवलेले नाहीत. ते माणसाने विचारायचे आहेत आणि त्यासाठीच परतीची खोबण उघडी ठेवलेली आहे.

त्या खोबणीपाशी आणखी एक प्रश्न उभा असतो, तो प्रामाणिकपणाचा. तेथील नाणे कोणाचे? अगोदरचे गिऱ्हाईक अजून पावती मोडून घेण्यासाठी काउंटरपाशी रांगेत उभे असेल, तर ते नाणे निःसंशय त्याचे. चांगला संग्राहक आधी मागे वळून पाहतो आणि हाक मारतो. समोरच्याला नाण्याचे मोल ठाऊक नसेल, तर तेही सांगतो. नाणे हातचे जाते हे खरे. पण एखाद्या नातवाला आपल्या आजोबांच्या बरणीत काय होते हे त्या क्षणी कळते. मालक कोठेच दिसत नसेल, तर भांडारातील माणसाला विचारून मगच नाणे घ्यावे. पारख आणि सचोटी या दोन गोष्टी पोतदाराच्या पदातही वेगळ्या नव्हत्या. ज्याच्या सचोटीवर बाजाराचा भरवसा नाही, त्याच्या पारखेला कोण विचारणार?

पालकहो, नाण्यांची ही कथा शाळेच्या महोत्सवात का सांगितली, हे एव्हाना ध्यानात आले असेल. शाळा हेही मोजणारे स्थान आहे. परीक्षा, गुणपत्रक, प्रवेशाची यादी ही सारी साधने आवश्यक आहेत. हजारो मुलांचा न्याय त्यांवाचून करता येत नाही. ती नसती तर वशिल्याचा बट्टा गरिबाच्याच मुलाला लागला असता. पण त्या साधनांनाही ठरलेला एकच प्रश्न विचारता येतो. या वर्षी, या तीन तासांत, या प्रश्नांची उत्तरे या मुलाने दिली काय? जे मूल त्या मापात बसत नाही, ते खोबणीत पडते. त्यातील प्रत्येक मूल चांदीचे आहे, अशी भाबडी भाषा करणे शिक्षकाला शोभत नाही. एखाद्याचा अभ्यास खरोखर कच्चा असतो. ते त्याला स्पष्टपणे सांगावे आणि अभ्यास करवून घ्यावा. पण मूल हलके म्हणून परत आले की जड म्हणून, हे हात घालून, कड पाहून, सन वाचून ठरवावे लागते. उशिरा बोलणारे, एकाच विषयात रमून बाकीचे विसरणारे, दुकान सांभाळून वर्गात पेंगणारे मूल गुणपत्रकात सारखेच दिसते. त्यांच्यातील भेद यंत्राला कळत नाही, शिक्षकाला कळला पाहिजे. आणि सगळे रकाने मुकाट्याने भरून पिशवीत जाणारे जे शहाणे मूल, त्याच्याकडेही एकदा थांबून पाहिले पाहिजे. १९०९ चा सेंट असाच निघून जातो.

महाराष्ट्रापासून दूर, दुसऱ्या भाषेच्या शहरात मराठी शाळा चालवणाऱ्यांना हे अधिक जाणवते. येथील मूल रस्त्यावर एक भाषा बोलते, अर्ज दुसऱ्या भाषेत भरते आणि घरी तिसरी, आपली, भाषा बोलते. त्याच्या बोलण्याचे वजन सर्वसाधारण मापाहून थोडे वेगळेच भरते. कोठल्या तरी दारावर ते यामुळे परत आले, अशी खंत अनेक पालकांनी मनात बाळगली आहे, आणि काहींनी त्या खंतीपोटी धाकट्या भावंडाला दुसऱ्या शाळेत घातले आहे. त्यांचा तो निर्णय काळजीतून आला. त्याची थट्टा करू नये. एवढेच ध्यानात घ्यावे की माप हे काळाचे असते. १९६५ पूर्वी जे प्रमाण होते, ते आज मापाबाहेर आहे. आजचे प्रमाण उद्या कोठे असेल, हे कोणी सांगावे? धातू मात्र धातूच राहतो. मुलाला जे द्यायचे, ते कसाचे आहे ना, एवढी काळजी शाळेने व घराने घ्यावी. साठ वर्षे या शाळेने तीच घेतली.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एकच विनंती. घरी वडीलधाऱ्यांची एखादी बरणी, पेटी वा गल्ला असेल, तर यंत्राकडे नेण्याआधी एका संध्याकाळी मुलाबाळांसह तो चटईवर ओतावा. एकेक नाणे हाती घ्यावे, सन मोठ्याने वाचावे, त्या साली घरात कोण होते आणि काय घडले ते मुलांना सांगावे. ज्यांची आई-आजी अजून आहे, त्यांनी तिला शेजारी बसवावे. कोणते नाणे का ठेवले, हे तीच सांगू शकेल. चांदी निघाली तर आनंदच आहे. न निघाली तरी ती संध्याकाळ फुकट गेली असे कोणी म्हणणार नाही. आणि भांडारात यंत्रापाशी कधी उभे राहिलाच, तर पावती घेऊन निघण्यापूर्वी खाली वाकून खोबणीत एकदा हात घालावा. तेथे आपलेच काही राहिलेले असण्याचा संभव आहे.